ग्लॉक १७ : अकरा हजार गोळ्या, चौदा अडथळे आणि एक वही

रानवाट (ह्यूस्टन)

नमस्कार. मी टेक्सासमध्ये राहतो आणि २०१३ साली रीतसर विकत घेतलेले चौथ्या पिढीचे (म्हणजे चौथ्या सुधारित आवृत्तीचे) ग्लॉक १७ पिस्तूल तेव्हापासून सातत्याने वापरतो आहे. पहिल्या दिवसापासून मी त्याची वही ठेवली आहे. सरावाहून घरी आलो की हात धुऊन आधी वही उघडतो आणि चार रकाने भरतो : किती गोळ्या झाडल्या, त्या कोणत्या वजनाच्या होत्या, कोणते मॅगझिन (गोळ्या भरायची, मुठीत बसणारी पेटी) वापरले आणि पिस्तूल कुठे अडकले का. आज त्या वहीत ११,६४० गोळ्या आणि १४ अडथळे आहेत. "ग्लॉक कधीच अडकत नाही" आणि "प्लॅस्टिकच्या पिस्तुलाचा काय भरवसा" ही दोन्ही वाक्ये मी आपल्या मंडळींकडून इतक्यांदा ऐकली आहेत की, ती वही एकदा सर्वांसमोर उघडून ठेवावी असे वाटले.

आधी मोजपट्टी कोणती, ते सांगतो. ऑस्ट्रियाच्या लष्कराला जुन्या वॉल्थर पी ३८ च्या जागी नवे पिस्तूल हवे होते, तेव्हा त्यांनी ज्या अटी घातल्या त्यांत एक अशी होती की, पहिल्या १०,००० गोळ्यांत २० पेक्षा जास्त अडथळे येता कामा नयेत आणि किरकोळ अडथळाही त्यात मोजला जाईल. दुसरी अट अशी होती की, भरलेले पिस्तूल २ मीटर उंचीवरून पोलादी पत्र्यावर पडले तरी त्यातून गोळी सुटू नये. डॉइच-वाग्राम गावचे गास्टन ग्लॉक हे तोवर पडद्यांच्या दांड्या आणि सैनिकी सुरे बनवणारे कारखानदार होते. त्यांनी केलेले पिस्तूल या कसोट्यांना उतरले आणि १९८२ साली निवड होऊन पी ८० या नावाने लष्करात दाखल झाले. ज्या लष्कराने हे पिस्तूल निवडले, त्यानेसुद्धा शून्याची अपेक्षा ठेवली नव्हती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. १०,००० वा आकडा ओलांडला तेव्हा माझ्या वहीत १३ अडथळे होते. म्हणजे पिस्तूल त्या अटीत बसले. परंतु ते १३ नेमके कुठून आले, हे पाहिल्यावर मला खरे शिक्षण मिळाले.

सहा अडथळे एकाच मॅगझिनचे होते. मी प्रत्येक मॅगझिनच्या तळाला पांढऱ्या रंगाने क्रमांक घातलेला आहे. त्यातले पाचव्या क्रमांकाचे मॅगझिन मूळ उत्पादकाचे नव्हते, निम्म्या किमतीत मिळाले म्हणून मी घेतलेले होते. शेवटच्या दोन गोळ्या उरल्या की त्याची स्प्रिंग दमायची, काडतुसाचे नाक खाली झुकायचे आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) अर्ध्यावर थांबायची. क्रमांक घातले नसते, तर या सहाही वेळांचा दोष मी पिस्तुलाच्या माथी मारला असता. तीन अडथळे एका स्वस्त काडतुसांच्या खोक्याचे होते. त्यांत ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी होती आणि दारूचा जोर इतका कमी होता की, स्लाइड पुरती मागे जाण्याआधीच परत फिरायची आणि रिकामी पुंगळी स्लाइडच्या खिडकीत उभी अडकायची. दोन वेळा पिस्तूल पाहुण्यांच्या हातात होते. एकदा रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) जुनी झाल्यामुळे स्लाइड अखेरचे दोन-तीन मिलिमीटर पुढे गेली नाही; ती स्प्रिंग मी ठरावीक गोळ्यांनंतर बदलतो. एकाचे कारण मला आजवर सापडलेले नाही. वहीत त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.

चौदावा अडथळा संख्येने एकच असला तरी तो मला सर्वांत जास्त आठवतो. मित्राने घरी पुन्हा भरलेली काडतुसे मी वापरत होतो. नेहमीच्या कडाडण्याऐवजी 'फट्' असा बारीक आवाज झाला आणि हाताला धक्का जवळजवळ जाणवलाच नाही. सवयीने माझा डावा हात स्लाइड ओढायला निघालासुद्धा होता. पिस्तूल अडकले की मॅगझिनला खालून थाप द्यायची, स्लाइड मागे खेचायची आणि पुन्हा झाडायचे, हेच आम्हाला शिकवलेले असते. सराव मैदानावर शेजारच्या गल्लीत उभ्या असलेल्या प्रशिक्षकाने तो आवाज ऐकला होता, तो मोठ्याने "थांब!" म्हणाला. पिस्तूल रिकामे करून नळी सुटी केली आणि उजेडाकडे धरली, तर पलीकडचा उजेड दिसेना. गोळी नळीच्या मध्यावर रुतून बसलेली होती. मागोमाग दुसरी गोळी झाडली गेली असती, तर नळी फुगली किंवा फुटली असती. त्या दिवसापासून आवाज किंवा धक्का वेगळा वाटला की आधी बोट चापावरून काढायचे, हा नियम मी घरातही सर्वांना घालून दिला आहे.

ज्यांच्याकडे पॉलिमर चौकटीचे (म्हणजे मुठीसह खालचा भाग प्लॅस्टिकचा असलेले) पिस्तूल आहे किंवा ज्यांनी नोकरीत ते वापरले आहे, त्यांनी कृपया आपले अनुभव आकड्यांसह लिहावेत.

यंत्रवेध (पिंपरी)

मी पिस्तूल कधी हाताळलेले नाही, परंतु इंजेक्शन मोल्डिंगचे साचे बनवण्यात माझी २२ वर्षे गेली आहेत, म्हणून 'प्लॅस्टिक' या शब्दापुरते लिहितो. ही चौकट नायलॉनच्या कुळातल्या पॉलिमरची असते. नायलॉनला तेलाचे वावडे नाही. ते हवेतला ओलावा थोडा शोषते आणि त्याने ठिसूळ होण्याऐवजी चिवट होते. दुसरी गोष्ट अशी की, स्लाइड प्लॅस्टिकवर घासत असेल असा अनेकांचा समज असतो, तो बरोबर नाही. चौकट ओततानाच तिच्यात पोलादी तुकडे बसवलेले असतात आणि स्लाइड त्यांच्या चार छोट्या पट्ट्यांवर धावते. गोळीचा दाब नळी आणि स्लाइड सोसतात, आणि ते दोन्ही भाग पोलादाचेच आहेत.

पॉलिमरचा खरा परिणाम दिसतो तो वजनात आणि लवचीकतेत. ग्लॉक १७ रिकामे असताना सुमारे ६२५ ग्रॅमचे भरते. वरची स्लाइड जड आणि खालची चौकट हलकी, अशी ही रचना आहे. स्लाइडने मागे जाऊन पुंगळी फेकायची, तर खालची चौकट जागेवर राहायला हवी, आणि तिला जागेवर धरून ठेवण्याचे काम यंत्र करत नाही, माणसाचे मनगट करते. रानवाट यांच्या पाहुण्यांच्या हातून पिस्तूल का अडकले असावे, याचे उत्तर मला इथे दिसते.

जाता जाता : पॉलिमर चौकटीचा पहिला प्रयोग ग्लॉक यांचा नव्हे. हेकलर उंड कॉख कंपनीचे व्हीपी ७० हे पिस्तूल १९७० साली, म्हणजे बारा वर्षे आधी आले होते.

उत्तरा (मिनेसोटा)

यंत्रवेध यांचे मनगटाचे म्हणणे मी स्वतःवरून पटवून देऊ शकते. माझ्याकडे तिसऱ्या पिढीचे ग्लॉक १९ आहे आणि पहिल्या दोन महिन्यांत ते माझ्या हातात दर पन्नास गोळ्यांमागे एकदा तरी अडकत होते. तेच पिस्तूल, तेच मॅगझिन आणि तीच काडतुसे माझे यजमान वापरत तेव्हा काहीही होत नसे. मी ते विकायच्या विचारात होते. आमच्या प्रशिक्षक बाईंनी माझ्या पकडीचा फोटो काढून मला दाखवला. माझा उजवा तळवा पिस्तुलाच्या मुठीच्या पाठीवर एक बोटभर खाली होता आणि डाव्या हाताचा अंगठा हवेत होता. त्यांनी तळवा वर, थेट स्लाइडच्या खाली येईल इतका चढवून घेतला, कोपरे किंचित पुढे ताणायला सांगितली आणि मनगट 'खराटा धरल्यासारखे' घट्ट ठेवायला मी स्वतःला शिकवले. त्यानंतरच्या साधारण ३,००० गोळ्यांत दोनदाच अडथळा आला.

थंडीचाही एक अनुभव सांगते. जानेवारीत उणे २० अंशांत आम्ही उघड्यावर सराव केला. मी उन्हाळ्यात घातलेले दाट तेल तसेच होते आणि स्लाइड काकवीत फिरावी तशी जड चालत होती. ते पुसून, पातळ तेलाचे मोजके थेंब दिल्यावर पिस्तूल सुरळीत चालले. नॉर्वेच्या लष्कराने ग्लॉक १७ हे पिस्तूल १९८५ पासून वापरले आहे, तेव्हा थंडीचा दोष मी पिस्तुलाला देत नाही. माझ्या तेलाच्या बाटलीला देते.

तटबंदी (फिनिक्स)

रानवाट, तुमच्या चिकाटीबद्दल आदर आहे, परंतु स्प्रिंगच्या बाबतीत मी सहमत नाही. माझ्या तिसऱ्या पिढीच्या ग्लॉक १७ मध्ये ९,००० गोळ्यांनंतरही मूळ रिकॉइल स्प्रिंग आहे आणि मी ती बदललेली नाही. ठरावीक आकडा गाठला की सुटे भाग बदलत राहणे हा मला निव्वळ खर्च वाटतो. ज्या पिस्तुलाची ख्याती चिखलात, वाळूत चालण्याची आहे, त्याची इतकी काळजी घ्यावी लागत असेल तर त्या ख्यातीला अर्थ काय उरतो?

रानवाट (ह्यूस्टन)

तटबंदी, आपला प्रश्न रास्त आहे. मी आकडा पाळतो, पण केवळ आकड्यावर विसंबत नाही. त्यासाठी एक साधी तपासणी आहे. मॅगझिन काढायचे, स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीच्या मागे काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी आणि करंगळीने, असे दोन्हींनी तपासायचे. मग नळी सुरक्षित दिशेला, वरच्या बाजूला ४५ अंशांत रोखून चाप दाबून धरायचा, स्लाइड सावकाश मागे न्यायची आणि तितक्याच सावकाश, हाताने आधार देत पुढे सोडायची. ती पुरती बंद झाली तर स्प्रिंगमध्ये दम आहे. शेवटी काही मिलिमीटर अडून राहिली, तर स्प्रिंगचे दिवस भरले. माझी पहिली स्प्रिंग ५,००० च्या पुढे गेल्यानंतर मी तीन-चार महिने ही तपासणी केलीच नव्हती आणि वहीतला तो एक अडथळा त्याच काळातला आहे. आपण ही तपासणी आज करून पाहावी, असा माझा आग्रह आहे.

चौथ्या पिढीत एकात एक बसणाऱ्या दुहेरी स्प्रिंगची रचना आली, आणि सुरुवातीच्या काळातल्या पिस्तुलांच्या स्प्रिंगा खुद्द कंपनीने २०११ साली ग्राहकांना बदलून दिल्या होत्या. अशी ख्याती असलेल्या कंपनीलाही सगळ्यात आधी स्प्रिंगकडेच परत जावे लागले.

ख्यातीविषयी : चिखलात बुडवून काढलेले पिस्तूल चालले, हे त्या पिस्तुलाच्या ऐसपैस मोकळ्या रचनेचे यश आहे. परंतु स्प्रिंग थकली, मॅगझिनचे ओठ (वरच्या कडा) वाकले किंवा काडतूस कच्चे निघाले, तर ती मोकळीक उपयोगी पडत नाही. माझे पिस्तूल रात्री घरच्यांच्या रक्षणासाठी कुलूपबंद पेटीत ठेवलेले असते. तिथे मला तीस डॉलरांहून कमी किमतीच्या स्प्रिंगवर बचत करायची नाही.

जुना फौजदार (सातारा)

मी पोलीस दलातून निवृत्त झालो. आमच्या वेळी आमच्याकडे ९ मिमीचे १ए पिस्तूल असे. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातले, पूर्ण पोलादी आणि भरल्यावर किलोभराहून जड. ब्रिटिश सैन्यानेही हाय-पॉवर दशकानुदशके वापरले आणि २०१३ मध्ये त्याच्या जागी ग्लॉक १७ ची चौथी पिढी घेतली, २५,००० हून अधिक नग. त्यामुळे हा विषय मला परका वाटत नाही.

रानवाट यांनी गोळ्यांची संख्या मोजली, हे चांगलेच केले. पण खाकीतल्या माणसाचे पिस्तूल गोळ्या झाडून झिजत नाही. बहुतेकांचे वर्षभर कमरेला बसून झिजते. माझी नेमणूक एका किनारी जिल्ह्यात असताना मी चामड्याच्या पाऊचमध्ये दहा जादा काडतुसे ठेवत असे. एका आषाढात सलग तीन आठवडे पाऊस होता. त्यानंतर पाऊच उघडला, तर कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक कळकावे तसा काडतुसांवर हिरवा थर धरलेला. चामडे कमावताना वापरलेले क्षार आणि दमट हवा, दोन्ही पितळेचे वैरी. त्यातले एक काडतूस पुसून मी चेंबरमध्ये घालून पाहिले, तर ते अर्ध्यात रुतले आणि काढताना घाम फुटला. चूक पूर्णपणे माझी होती. दरमहा काडतुसे बाहेर काढून पुसायला आम्हाला शिकवले होते आणि मी पावसाचे कारण सांगून ते टाळले होते. पॉलिमरच्या चौकटीला गंज चढत नाही, स्लाइडवरही कठीण प्रक्रिया केलेली असते, हे खरे. परंतु काडतूस अजूनही पितळेचेच आहे.

त्या प्रसंगानंतर मी चामड्याचा पाऊच फक्त संचलनाला वापरला. काडतुसे कोरड्या डब्यात गेली आणि मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती एकेक करून बोटांत फिरवून पाहू लागलो.

शंकेखोर (नाशिक)

फौजदार साहेब, भारतात सामान्य माणसाला परवान्यावर ग्लॉक १७ घेता येते का? मी शस्त्र परवान्यासाठी अर्ज करण्याच्या विचारात आहे.

जुना फौजदार (सातारा)

नाही. ग्लॉक १७ चे काडतूस ९ मिमी पॅराबेलम, आणि ते आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीच्या छिद्राचे माप) आहे, ते लष्कर आणि पोलिसांसाठी राखीव आहे. सामान्य परवानाधारक पिस्तुलात .३२ सारख्या बोअरकडे वळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, हेही ध्यानात ठेवावे. .३२ घेतले तरी या धाग्यावरचे मॅगझिन, स्प्रिंग आणि काडतुसांचे सगळे बोलणे तुम्हाला जसेच्या तसे लागू आहे.

हिमदरी (कॅल्गरी)

कॅनडातला अनुभव थोडा वेगळा आहे. २१ ऑक्टोबर २०२२ पासून इथे पिस्तुलांची खरेदी-विक्री आणि हस्तांतरण गोठवलेले आहे. ज्याच्याकडे आधीपासून आहे, त्याने ते ठेवायचे. नवे घेता येत नाही. त्यामुळे माझ्या पाचव्या पिढीच्या ग्लॉक १७ कडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. हे खराब झाले तर दुसरे येणार नाही. दोन रिकॉइल स्प्रिंगा, चाप स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) आणि मॅगझिनच्या स्प्रिंगा मी डब्यात नावे घालून ठेवल्या आहेत. ४,२०० गोळ्यांत माझ्याकडे तीन अडथळे आले आणि तिन्ही एकाच मॅगझिनचे. इथे पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये दहाच गोळ्या बसाव्यात म्हणून त्यात खिळा मारलेला असतो. माझ्या एका मॅगझिनमध्ये त्या खिळ्याची कड आत आली होती आणि गोळ्यांना वर ढकलणारा फॉलोअर तिला घासत होता. बोटाने चाचपल्यावर ती कड लागली. ते मॅगझिन मी विकणाऱ्याकडे परत केले आणि बदलून घेतले.

रानवाट यांची क्रमांक घालण्याची पद्धत मी वापरत नव्हतो, त्यामुळे तिसऱ्या वेळेपर्यंत मला गुन्हेगार कोण ते कळले नाही. आज रात्रीच रंगाची डबी काढतो.

तटबंदी (फिनिक्स)

रानवाट, तपासणी दोनदा केली. दोन्ही वेळा स्लाइड शेवटी अडकून राहिली. नवी स्प्रिंग मागवली आहे. माझे आधीचे म्हणणे मी मागे घेतो.

एक वेगळा प्रश्न. सिग साउअर पी ३२० हेही पॉलिमर चौकटीचे आहे आणि २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने एम १७ म्हणून त्याचीच निवड केली. त्याच वर्षी ते पडल्यावर गोळी सुटल्याची प्रकरणे गाजली. तो दोष पॉलिमरचा धरायचा का?

यंत्रवेध (पिंपरी)

नाही, तो दोष पदार्थाचा नव्हता. पिस्तूल विशिष्ट कोनात आपटले की जड चाप स्वतःच्या जडत्वाने मागे सरकत होता. कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये जी ऐच्छिक सुधारणा देऊ केली, तिच्यात चाप आणि आतले संबंधित भाग हलके केले आणि एक यांत्रिक डिस्कनेक्टर (स्लाइड पुरती बंद नसताना चापाचा संबंध तोडणारा भाग) वाढवला. चौकट तीच राहिली. ग्लॉकमध्ये चापाच्या मधोमध जी छोटी पट्टी असते, ती बोटाने दाबली गेल्याशिवाय चाप मागे जात नाही. धक्क्याने चाप सरकू नये याची ती सोय आहे. तिच्याखेरीज फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) अडवणारा खटका आणि पडल्यावर काम करणारा तिसरा बंदोबस्त आत असतो.

उत्तरा (मिनेसोटा)

त्या पट्टीचा अर्थ नीट समजून घ्यावा, असे मला वाटते. बोट चापावर असेल तर ती काहीही अडवणार नाही. आणि ग्लॉक सुटे करताना चाप दाबावाच लागतो. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे समजून चाप दाबणाऱ्यांच्या हातून घरात गोळ्या सुटल्या आहेत. साफसफाईच्या टेबलावर काडतुसांचा डबा नसावा, हा आमच्या घरचा नियम आहे.

रानवाट (ह्यूस्टन)

सर्वांचे मनापासून आभार. फौजदार साहेबांचा मजकूर वाचून मी काल रात्री घरच्या रक्षणासाठी भरून ठेवलेले मॅगझिन रिकामे केले. त्यातली काडतुसे मी सरावात कधी वापरत नाही, त्यामुळे माझ्या वहीत त्यांचा एकही रकाना नाही. १२४ ग्रेनची, पोकळ नाकाची सतरा काडतुसे टेबलावर ओळीने उभी केली, तेव्हा वरचे पहिले काडतूस शेजाऱ्यांपेक्षा बुटके दिसले. व्हर्नियरने मोजले. बाकीची २८.५ मिमीच्या आसपास होती, ते २७.४ मिमी भरले. सरावाला जाताना पिस्तूल रिकामे करायचे आणि परत आल्यावर तेच पहिले काडतूस पुन्हा चेंबरमध्ये चढवायचे, असे मी किती वर्षे करत आलो आहे. दर वेळी त्याचे नाक नळीच्या उतारावर आपटत राहिले आणि गोळी पुंगळीत एकेक केस आत सरकत गेली. दारूला जागा कमी पडली की दाब वाढतो. गरजेच्या रात्री सर्वांत आधी तेच झाडले गेले असते.

ते काडतूस मी वेगळे काढून सराव मैदानातल्या निकामी काडतुसांच्या पेटीत टाकले. उरलेली सोळा पुढच्या शनिवारी झाडून संपवणार आहे आणि नवे खोके आणले आहे. वहीत आज पाचवा रकाना आखला : पहिले काडतूस किती वेळा चढवले. त्याची मर्यादा मी सध्या दोन ठरवली आहे. आपल्यापैकी कोणी काही वेगळी मर्यादा पाळत असेल, तर कारणासह लिहावे.